दोन दिवसांचा पाहुणा

युरोपातील एखाद्या शहरी हिवाळ्यातील शनिवार-रविवार घालवावयाचा असला, म्हणजे माणूस किती विचारपूर्वक बेत आखतो! लंडनमध्ये किंवा म्यूनिकमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब व्हिएन्नाला जावयाचे ठरवते, तेव्हा महिनाभर आधी नकाशा पसरला जातो. डिसेंबरात तेथील दिवस साडेआठ तासांहूनही लहान असतो. चार वाजले की अंधारू लागते. म्हणून उघड्यावरची स्थळे सकाळी पाहावयाची आणि वस्तुसंग्रहालये दुपारनंतर, असा क्रम आपोआपच ठरतो. कोणते संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, याची चौकशी होते. पॅरिसला जाणाऱ्याला लूव्र मंगळवारी मिटलेले असते हे पाठ असते. थंडीत लहान मुलांना किती चालवावयाचे, आजीला कोठे बसवावयाचे, याचाही हिशेब असतो. थोडक्यात, दिवस लहान आणि खर्च मोठा, यामुळे मनुष्य शहाणा होतो.

तेच कुटुंब स्वदेशी आले, आणि बंगळुरास कोणा नातेवाइकाकडे दोन दिवस राहण्याचा योग आला, तर हे सारे शहाणपण कोठे जाते कोण जाणे. बंगळूर हे मराठी प्रवाशाच्या लेखी फार दिवस एक मोठे जंक्शनच होते. म्हैसूरला, उटीला किंवा तिरुपतीला जाताना वाटेत लागणारे गाव, एवढीच त्याची ओळख. अलीकडे घरोघरची मुले-मुली तेथे नोकरीला गेली. आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहू लागले. परंतु शनिवार उजाडला की पहाटे मोटार काढावयाची, म्हैसूरचा राजवाडा उभ्या उभ्या पाहावयाचा आणि मध्यरात्री थकून परत यावयाचे. रविवारी एखाद्या मोठ्या दुकानसंकुलात दुपार काढावयाची, असाच क्रम बहुधा असतो. ज्या शहरात मुक्काम, ते शहर पाहावयाचे राहूनच जाते.

यावर एक साधा उपाय आहे. वेळ थोडा असेल तर शहराचा एकच भाग निवडावा, तेथेच उतरावे आणि बहुतेक सर्व पायी पाहावे. बंगळुरात असा भाग शोधावयाचा झाल्यास चामराजपेटेइतका सोयीचा दुसरा नाही. आणि मराठी माणसास तर तेथे पाहण्यासारखे, त्याहूनही विचार करण्यासारखे, पुष्कळ आहे.

चामराजपेट हे नाव म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांचे. १८९२ साली, शेषाद्री अय्यर दिवाण असताना, जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला ही नवी वसाहत आखण्यात आली. त्याच सुमारास उत्तरेकडे दिवाणांच्या नावाने शेषाद्रिपुरम वसले. तोपर्यंत बंगळूरची देशी वस्ती म्हणजे किल्ला आणि त्याला लागून असलेली पेठ. चिक्कपेट, दोड्डपेट, बळेपेट अशा गल्ल्यांत घराला घर भिडलेले. चामराजपेटेत मात्र लांब सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते आणि घरांच्या पाठीमागून सफाईसाठी वेगळ्या बोळी, अशी रीतसर आखणी झाली. सहा वर्षांनी, १८९८ साली, बंगळुरात प्लेग शिरला, तेव्हा मोकळ्या वस्तीचे मोल सर्वांना कळले आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या वसाहती त्याच धर्तीवर निघाल्या. पुण्यामुंबईच्या लोकांना हा इतिहास परका वाटू नये. मुंबईत प्लेगनंतर १८९८ सालीच इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्यातूनच पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. एकाच आपत्तीने दोन शहरांना एकच धडा शिकविला; चामराजपेटेने तो आधीच गिरविला होता, एवढाच फरक.

आता ऋतूचा विचार. बंगळूर तेरा अक्षांशांवर आणि समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा अंशांचा सुखद गारवा असतो आणि दुपारीही ऊन सव्वीस-सत्तावीस अंशांपलीकडे सहसा जात नाही. दिवसमान अकरा तासांहून अधिक असते. व्हिएन्नाच्या प्रवाशाला जे तीन तास हळहळत सोडावे लागतात, ते येथे सहज हाती पडतात. डिसेंबरच्या आरंभी परतीच्या पावसाची एखादी सर येते, तेवढी छत्री जवळ असावी. सकाळी लोकरीचा स्वेटर आणि दुपारी पांढरी टोपी, एवढ्या सामग्रीवर भागते.

मिरजेकडून बेळगाव, हुबळीमार्गे येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी बंगळुरास पोचते. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस आहे. रेल्वे स्थानकापासून चामराजपेट जवळच. २०१७ सालच्या जूनमध्ये मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून तर चिक्कपेट, कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज आणि लालबाग ही स्थानके ओळीने लागतात. हा सर्व जुना भाग त्या एका सरळ रेषेवर ओवलेला आहे. रेल्वे स्थानकाजवळच आनंदराव सर्कल नावाचा चौक आहे. त्या नावाची गोष्ट पुढे येईल.

पहिला दिवस किल्ल्यासाठी ठेवावा. त्यातही प्रारंभ पहाटे कृष्णराजेंद्र मार्केटात करावा. १९२८ सालच्या या मंडईत उजाडण्यापूर्वीच फुलांचा घाऊक बाजार भरतो. शेवंती, झेंडू, मोगरा, कनकांबर यांच्या राशी आणि हातांनी मोजून विकले जाणारे गजरे. नऊ वाजल्यानंतर तेथे केवळ गर्दी उरते. दिवस उगवल्यावर तेथून किल्ल्याकडे जावे. किल्ला म्हणजे आज दिल्ली दरवाजा आणि त्याला लागून उरलेली थोडी तटबंदी. १५३७ साली केंपेगौडाने येथे मातीचा कोट बांधला. १७६१ साली हैदरअलीने त्यातील काही भाग दगडात उभारला. २१ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तो सर केला. त्या हल्ल्याची नोंद करणारी पाटी आजही तटाजवळ आहे. पुढे शहर वाढले तसतसा तट पाडला गेला आणि त्या जागी रस्ते, इस्पितळे व विद्यालये आली.

किल्ल्याच्या जुन्या आवारातच टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. हैदरअलीने १७८१ साली आरंभिलेली ही वास्तू १७९१ साली पुरी झाली. म्हणजे ज्या वर्षी ती पूर्ण झाली त्याच वर्षी किल्ला हातचा गेला. सागवानी खांब, महिरपी आणि भिंतींवरील रंगकामाचे अवशेष पाहावयास अर्धा तास पुरतो. टिपूच्या पतनानंतर याच महालात कारभाराची कचेरी होती. १८६८ साली ती नव्या अठरा कचेरीत हलली. जेथे सुलतानाचा दरबार भरत असेल, तेथे पुढे कारकुनांनी टाक चालविले, हेही ध्यानात ठेवावे. महालाशेजारीच कोटे वेंकटरमण मंदिर. ते १६८९ सालच्या सुमारास म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी बांधले. महाल आणि मंदिर एकमेकांना लागून आहेत. पाहणाऱ्यानेही त्यांना वेगळे काढू नये.

येथवर आल्यावर मराठी पाहुण्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : शहाजीराजांचे बंगळूर ते कोठे आहे?

१६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्यासह शहाजीराजे येथे आले, केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेण्यात आले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जिजाबाईंसह बाल शिवाजीराजे काही काळ येथे होते, असे शिवचरित्रकार सांगतात. राजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली त्याचे संपादन केले आणि बंगळूरचा तो दरबार मराठी वाचकांपुढे आणला. त्या दरबारी अनेक भाषांचे कवी होते. परंतु राजांचा वाडा आज दाखविता येत नाही. पेठेच्या गल्ल्यांत, कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांखाली, तो काळ गाडला गेला आहे. दगडाचा पुरावा मागणाऱ्या प्रवाशाची येथे निराशा होते.

मात्र पुरावा सर्वस्वी नाही असे नाही. तो किल्ल्यात नसून उत्तरेकडे मल्लेश्वरम येथे काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ खडकावर कोरलेला आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, यांनी १६६९ साली त्या देवास गाव इनाम दिल्याचा तो लेख. तो लेख कन्नड भाषेत आहे. एकोजीराजांनी तंजावर घेतले ते सहा-सात वर्षांनंतर. त्यापूर्वीच्या या दानपत्रात भोसल्यांच्या घराण्यातील पुरुष स्थानिक देवाला, स्थानिक भाषेत, स्थानिक लोकांसमक्ष दान देतो. राज्यकर्त्याने प्रजेच्या भाषेत बोलावे ही रीत त्या काळी कोणी वादाने शिकविली नव्हती. पुढे १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते चिक्कदेवराजांच्या स्वाधीन झाले. त्यांनी किल्ल्यात लगोलग मंदिर बांधले, ते वर आलेच आहे.

परंतु इतिहासाची वही उघडली की सोयीचीच पाने वाचावयाची, असे करून चालत नाही. १७९१ सालच्या युद्धात मराठे टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्या वर्षीच्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या सैन्यासोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाच्या पुनःप्रतिष्ठेसाठी टिपूने द्रव्य व पत्रे पाठविली. ती पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याच्या संचालकांना मठात सापडली. टिपूविषयी कोणाचे मत काहीही असो. ही घटना मराठी माणसाला सुखाची नाही, म्हणून ती गाळावयाची नसते. शहाजीराजांच्या स्मरणाने ज्याची मान ताठ होते, त्याने शृंगेरीच्या स्मरणाने ती थोडी लववावी, हे न्यायाचेच आहे.

दुपारी जेवण आणि विश्रांती. प्रवासाच्या वेळापत्रकात विश्रांतीचे दोन तास स्पष्ट लिहून ठेवावे लागतात. न लिहिल्यास ते कोणीही लुबाडतो. बरोबर वृद्ध माणसे असली तर या दोन तासांवरच दुसऱ्या दिवसाचे यश अवलंबून असते.

तिसऱ्या प्रहरी चामराजपेटेतील पंपमहाकवी रस्त्यावर जावे. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू तेथे आहे. परिषदेची स्थापना १९१५ सालची; पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ साली निघाली, म्हणजे दोघी जवळजवळ बरोबरीच्या. परिषद निघाली तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, आणि त्यांचा या कामाला पाठिंबा होता. या विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले होते. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली. नाशिक-धुळ्याकडे कामे केली आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पुणेकरांच्या पाण्याची चिंता वाहिलेला हा पुरुष येथे येऊन कन्नड भाषेच्या संस्थेमागे उभा राहिला. जवळच्या विश्वेश्वरपुरमला त्यांचे नाव आहे.

भाषेच्या सीमा माणसांच्या आयुष्यात किती विरघळलेल्या असतात, याचे याहून मोठे उदाहरण दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे. धारवाडात जन्मलेल्या बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी बारा वर्षे अध्यापन केले. मराठीतही त्यांनी लेखन केले. परंतु कवी म्हणून ते कन्नडचे; १९४३ साली कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कारही कन्नड काव्यासाठी. सीमेवरून दोन राज्यांत वाद झाला आणि तो अद्यापि मिटलेला नाही. परंतु चामराजपेटेत उभे राहून बेंद्रे कोणाचे, असा प्रश्न कोणी केला तर दोन्ही बाजूंना निरुत्तर व्हावे लागेल.

आता आनंदराव सर्कलची गोष्ट. एकोजीराजे बंगळूर सोडून तंजावरला गेले, त्यांच्यामागे मराठी कुटुंबेही तिकडे रुजली. त्या तंजावरी मराठी समाजातून सर टी. माधवराव निघाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. त्यांचे पुत्र टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर ती जागा विश्वेश्वरय्यांकडे गेली. रेल्वे स्थानकाजवळच्या चौकास नाव आहे ते या आनंदरावांचे. बंगळुरातून दक्षिणेस गेलेली मराठी वाट सव्वादोनशे वर्षांनी फिरून बंगळुरास आली, ती तलवार घेऊन नव्हे, तर दौत-लेखणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, पेठेतील बरीच दुकाने बंद असतात. म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी आणि रविवार बागेस व देवळांस द्यावा. सकाळी सात वाजण्यापूर्वी लालबागेत असावे. १७६० साली हैदरअलीने लावलेली ही बाग आज सुमारे दोनशे चाळीस एकरांची आहे. मधोमध काचगृह, त्याचा पाया १८८९ साली घातला गेला. बागेतील खडकाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगितले जाते. त्यावर केंपेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज आहे. खडकावर बसून उगवता सूर्य पाहण्यास कोणतेही तिकीट द्यावे लागले नाही तरी तिकिटाहून अधिक मिळते. या बागेचा आजचा डौल ज्यांच्या हातचा, ते जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल आधी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात आले. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कोणता ना कोणता वृक्ष फुललेला असावा, या हेतूने त्यांनी शहरातील रस्त्यांवर झाडे लावविली. हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुयाचा बहर असतो, तो या दूरदृष्टीचा प्रसाद. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास येथे पुष्पप्रदर्शन भरते. फुले पाहावयाची असतील तर त्या आठवड्यात जावे, बाग पाहावयाची असेल तर तो आठवडा टाळावा.

तेथून बसवनगुडी. गांधी बाजारात न्याहारी करावी. १९४३ सालापासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनात डोशासाठी रांग लावावी लागते, पण ती वेळेचा अपव्यय समजू नये. पुढे दोड्ड बसवण्णाचे देऊळ. एकाच शिळेतून कोरलेला हा नंदी साडेचार मीटर उंच आहे. कार्तिकातील अखेरच्या सोमवारी येथे कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतातील शेंगा एक बैल खाऊन जात असे, त्यास शांत करण्यासाठी हे देऊळ झाले आणि शेतकरी पहिले पीक त्याला वाहू लागले, अशी आख्यायिका आहे. आता आसपास शेत उरले नाही. तरी दूरदूरच्या गावांहून पोती येतात आणि रस्ताभर शेंगांचे ढीग लागतात. आपली पंचांगे दोन्हीकडे सारखीच अमान्त असल्यामुळे हा सोमवार मराठी कालनिर्णयातही बिनचूक सापडतो.

याच बुल टेंपल रस्त्यावर गोखले सार्वजनिक संस्था आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची ही संस्था १९४५ साली स्थापिली ती थोर कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी. गोखल्यांचे कन्नड चरित्रही त्यांनी लिहिले. कोतळूकच्या एका कोकणी मुलाने पुण्यात सार्वजनिक जीवनाचा जो आदर्श घालून दिला, त्याचे स्मारक बंगळूरच्या एका कन्नड विद्वानाने, कोणी न सांगता, उभे केले. येथे पाहण्यासारखे शिल्प नाही की चित्र नाही. ग्रंथालय आहे, व्याख्याने होतात. तरी मराठी पाहुण्याने पाच मिनिटे तेथे थांबावे.

आता दिवसाचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा कार्यक्रम. चामराजपेटेला लागूनच गविपुरम आहे. तेथे खडकातील गुहेत गवि गंगाधरेश्वराचे देऊळ आहे. अंगणात दगडाच्या दोन प्रचंड तबकड्या, सूर्यपान आणि चंद्रपान. मकरसंक्रांतीस, सूर्यास्ताच्या सुमारे तासभर आधी, मावळतीचे किरण बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि काही मिनिटे शिवलिंगावर पडतात. हे पाहण्यास मोठी गर्दी लोटते. अनेकांना आत जाता येत नाही, आणि आकाश ढगाळ असले तर थांबूनही काही हाती लागत नाही. शिवाय संक्रांत शनिवार-रविवार पाहून येत नाही.

येथे थोडे गणित कामास येते. सूर्य दक्षिणेकडे अगदी टोकाला पोचतो तो २१-२२ डिसेंबरला. त्या दिवसानंतर चोवीस दिवसांनी संक्रांत येते. तेव्हा सूर्य क्षितिजावर ज्या बिंदूशी मावळतो, त्याच बिंदूशी तो चोवीस दिवस आधीही मावळलेला असतो. तो काळ म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या खगोल-अभ्यासकांच्या निबंधात हेच दाखविले आहे. २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या दिवसांतही किरण लिंगापर्यंत पोचतात. आणि जानेवारीतही १३ ते १६ असे चार दिवस पोचतात. म्हणजे केवळ संक्रांतीचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. नोव्हेंबरअखेरचा शनिवार-रविवार धरला तर गर्दीवाचून तोच प्रकाश पाहावयास मिळू शकतो, आणि कार्तिकातला सोमवार जवळ असला तर शेंगांची जत्राही. बेत आखणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण. रूढ तारीख सोडून तिच्यामागचे कारण पाहिले की दुसरी वाट सापडते.

राहिला प्रश्न काय सोडावयाचे याचा. म्हैसूर सोडावे, ते स्वतंत्र दोन दिवस मागते. नंदीचा डोंगर सोडावा. मल्लेश्वरमचा शिलालेख मेट्रोने गाठता येतो. रविवारी दुपारी विश्रांती नको असेल त्यानेच तो धरावा, एरवी पुढील खेपेस ठेवावा. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शहाजीराजांचा अंत झाला. तेथे त्यांची समाधी आहे. ते गाव दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात आहे. भक्तीच्या भरात तेही या दोन दिवसांत कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा. समाधीच्या दर्शनाला घड्याळाकडे पाहत जाणे हा त्या पुरुषाचा सन्मान नव्हे. चैत्रात रामनवमीला किल्ल्यातील शाळेच्या पटांगणावर १९३९ सालापासून संगीतोत्सव होत आला आहे; तो हिवाळी पाहुण्याला लाभत नाही. लाभत नाही ते लाभत नाही, असे मनाशी स्वच्छ म्हणता आले पाहिजे. सर्वच पाहावयाचे म्हणणारा प्रवासी शेवटी फक्त रस्ते पाहतो.

आणि एक गोष्ट. या दोन दिवसांत मराठी पाहुण्याने कन्नडचे दहा शब्द तरी शिकावेत. मंडईत फुले घेताना, रिक्षा ठरविताना, देवळात वाट विचारताना ते उपयोगी पडतात, इतकेच नाही. ते उच्चारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो हिंदी-इंग्रजीने पडत नाही. व्हिएन्नाला जाताना जर्मन भाषेतील नमस्कार आणि आभार पाठ करून जाणारा मनुष्य शेजारच्या भाषेत तोंड उघडत नाही, यात अडचण बुद्धीची नाही, केवळ सवयीची आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकोजीराजांना जे सहज सुचले, ते आज अवघड वाटण्याचे कारण नाही.

संक्रांतीला चामराजपेटेच्या घरोघरी एळ्ळु-बेल्ल वाटतात. तीळ, गूळ, खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि भाजलेले शेंगदाणे यांचे मिश्रण, बरोबर उसाचे कांडे. नव्या वस्त्रांत सजलेल्या मुली तबके घेऊन शेजाऱ्यांकडे जातात. देताना म्हणावयाचे वाक्य असे : "एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खा आणि चांगले बोला. मराठी माणसास याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. तबकातील खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून "गोड बोला" एवढे त्याने उत्तरादाखल म्हटले, तर घरच्या मंडळींनाही ते कळते.